साठ सेकंदांची खातिरदारी

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधी जमलंच नाही, त्याची आधीच माफी मागते. कोणाची मागते ते सांगता येत नाही, कारण हे मी कोणाला दाखवणार नाही. महूच्या मराठी शाळेत मी चौथीपर्यंत शिकले. आजोबा पलटणीत होते, त्यामुळे घरात शिक्षणाच्या गोष्टी पुष्कळ व्हायच्या, पण माझ्या पाठीवर लहान भावंडं होती आणि ती सांभाळायला कोणीतरी हवं होतं. पुढे लिहिणं म्हणजे किराण्याची यादी आणि मुलीच्या प्रगतिपुस्तकावर सही. इंदूरला एवढी वर्षं काढल्यावर मध्येच हिंदी येतं, ते मी खोडत बसणार नाही.

आमचे हे कापड गिरणीत होते, लूम खात्यात. गिरणी एका दिवसात बंद झाली नाही. आधी रात्रीची पाळी गेली, मग पगार उशिरा यायला लागला, मग अर्धा यायला लागला. विचारायला गेलं की साहेब सांगायचे, कापडाचे पैसे आले की पहिले तुमचेच देऊ. एक दिवस गेटला कुलूप लागलं. तरी हे काही महिने सकाळी डबा घेऊन गेटपर्यंत जात, कारण नाव रजिस्टरवर होतं आणि गैरहजेरी लागू नये असं त्यांना वाटे. हजेरी घ्यायला आत कोणीच नव्हतं. दुपारी तोच डबा घरी आणून खायचे. थकलेल्या पगाराचा दावा कोर्टात गेला तो तिथेच राहिला.

मुलगी आमची एकच. बारावीनंतर ती कॉम्प्युटरच्या क्लासला गेली. तेव्हा गल्लोगल्ली असे क्लास निघाले होते आणि गिरणीवाल्यांची मुलं तिथे जात होती, कारण बाकी कुठे जावं ते कळत नव्हतं. क्लास संपल्यावर तिला तुकोगंजमध्ये एका लहान ऑफिसात नोकरी लागली. काही महिन्यांनी तिथली झाडूपोछा करणारी बाई सोडून गेली. मुलीने मला घरी हळूच विचारलं, तू येशील का. मी हो म्हटलं. तिला लाज वाटेल का याचा विचार मी केला होता, तिनेही केला असेल, पण दोघी त्यावर बोललो नाही. मी सकाळी झाडायची, फडकं मारायची, दिवसातून तीनदा चहा करायची आणि बाकीचा वेळ मागच्या खोलीच्या दाराशी स्टुलावर बसायची.

ऑफिसचा मालक तिशीतला होता. त्याच्या घरचं सेव-नमकीनचं जुनं दुकान होतं आणि वडिलांशी भांडून त्याने हे इंटरनेटचं काम काढलं होतं. मुलगी त्याला भैया म्हणायची. मला तो काकीजी म्हणायचा. माणूस चांगला होता. दुकानात वाढल्यामुळे ऑफिसही तो दुकानासारखंच चालवायचा. वीजबिल भरायला आलेल्यालाही चहा पाजल्याशिवाय सोडत नसे.

मागच्या खोलीत ते मशीन होतं. दिसायला टेबलाखाली ठेवतात तसला डबा, पण जरा मोठा, आणि रात्रंदिवस चालू. वरच्या मजल्यावर इंटरनेट देणारी कंपनी होती, तिची तार सरळ खाली आमच्या खोलीत आणली होती. शहरात कुठेही, कोणीही कॉम्प्युटरवर ती वेबसाइट उघडली की त्याचं मागणं त्या तारेतून या डब्यात यायचं आणि डबा त्याला पान पाठवायचा. वर्षभर त्या डब्याला फार काम नसे. एका हिंदी वर्तमानपत्राने दहावी-बारावीच्या निकालाचं काम दिलं होतं, ते मात्र खरं काम होतं. पोरांनी रोल नंबर टाकायचा आणि डब्याने मार्क दाखवायचे. दोन्ही निकाल नीट लागले की वर्तमानपत्र एकरकमी पैसे द्यायचं. ऑफिसचं वर्षाचं भाडं, वीज, मुलीचा पगार, माझा पगार सगळं त्यातून निघायचं.

पहिल्या वर्षी ते नीट झालं नाही. निकाल लागला आणि थोड्याच वेळात डबा बंद पडला. मी त्या दिवशी तिथे नव्हते, मुलीने घरी येऊन सांगितलं. तिने मला समजावलं ते असं. डब्याच्या आत कामवाले असतात. खरे नव्हे, पण तसंच समज. एक गिऱ्हाईक आलं की एक कामवाला त्याच्या कामाला लागतो. एका वेळी जास्तीत जास्त किती कामवाले उभे करायचे तो आकडा एका फाइलीत लिहिलेला असतो. आमचा आकडा दीडशे होता. निकालाच्या दिवशी दीडशेच्या दीडशे गुंतले आणि बाकीचे बाहेर उभे राहिले. डबा स्वतःची रोजनिशी लिहितो, त्यात त्याने इंग्रजीत लिहून ठेवलं होतं की मर्यादा गाठली आहे, ती वाढवण्याचा विचार करा.

मालकाने ती ओळ वाचली आणि त्याच्या डोक्यात तीच बसली. मशीन स्वतः सांगतंय तर वाढवा. त्याने तिथल्या तिथे वाढवायला लावली होती आणि डबा आणखी लवकर पडला, कारण प्रत्येक कामवाल्याला मेमरी लागते आणि तेवढी डब्यात नव्हती. मेमरी म्हणजे बोटभर लांबीच्या हिरव्या पट्ट्या असतात, त्या आत खोचतात. तशा आणखी घेतल्या की जास्त कामवाले मावतात, एवढं मला कळलं.

त्या वर्षी वर्तमानपत्राने अर्धेच पैसे दिले. पुढच्या वर्षी असंच झालं तर काम काढून घेऊ असंही सांगितलं. मालकाच्या वडिलांनी त्याला आणखी एक रुपया द्यायला नकार दिला आणि गल्ल्यावर येऊन बस म्हणाले. हिवाळा संपेपर्यंत मुलीचा दोन महिन्यांचा पगार थकला होता, माझाही. मग एक दिवस मालक चहाचा कप हातात धरून मुलीला म्हणाला की मेमरीचे नऊ हजार कुठून उभे झाले तर काम वाचेल, आणि वर्तमानपत्राचे पैसे आले की सगळ्यात आधी ते फेडीन. तो लाजत बोलत होता. कामावरच्या माणसाकडे पैसे मागायची त्याच्या घरात रीत नव्हती.

घरी हे ऐकून आमच्या ह्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, "आमच्या साहेबानं पण हेच सांगितलं होतं. शब्द पण हेच."

मुलगी म्हणाली, "बाबा, ही गिरणी नाही."

"गिरणी पण गिरणी नव्हती बंद होईपर्यंत," ते म्हणाले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

पैसे आले ते माझ्या नणंदबाईंकडून. त्या महूला राहत. त्यांचे यजमान लष्करात होते, त्यांच्या मागे पेन्शन मिळायची. ते नऊ हजार त्यांनी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला काढले होते. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता आणि पावसाळा संपला की तुकोगंजच्या दवाखान्यात यायचं ठरलं होतं. मागायला मी आणि मुलगी गेलो. बोलणार मुलगीच होती, पण ताईंनी तिला पाणी आणायला आत पाठवलं आणि मलाच विचारलं की काय काम काढलंत. मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, फार तुटक सांगितलं असेल.

त्या म्हणाल्या, "माझ्या भावाला गिरणीनं बुडवलं, आता पोरीला डबा बुडवणार. आणि मी आंधळी होऊन बघणार."

तरी त्या उठल्या आणि पेटी उघडली. पैसे माझ्या हातात देताना म्हणाल्या, "वहिनी, हे माझे डोळे आहेत. दिवाळीच्या आत परत पाहिजेत."

मेमरी आली. मुलीने डबा उघडून पट्ट्या खोचल्या तेव्हा मी टॉर्च धरला होता. मेमरी दुप्पट झाली. मग आकडा किती ठेवायचा यावर तिचं आणि मालकाचं बोलणं झालं. तिला दोनशेच्या आत ठेवायचा होता. मालक म्हणाला मेमरी दुप्पट तर कामवाले पण दुप्पट, आणि शेवटी अडीचशेवर तडजोड झाली. घरी आमच्या ह्यांचंही तेच मत होतं. गिरणीत काम वाढलं की गेटवरचे बदली कामगार आत घ्यायचे, त्यात एवढा विचार काय करायचा, असं ते म्हणाले. मुलगी म्हणाली, बाबा, बदलीवाल्याला उभं राहायला जागा तरी लागते ना. ते म्हणाले जागा होते, माणूस उभा राहिला की जागा होते.

बारावीचा निकाल दुपारी लागायचा होता. त्या दिवशी मी चहाचं आधण ठेवलं होतं आणि मागच्या खोलीच्या दारात उभी होते. मुलीच्या कॉम्प्युटरवर एक पान उघडं होतं, त्यात प्रत्येक कामवाल्यासाठी एक अक्षर दिसायचं. मोकळा असेल तर रेघ, कामात असेल तर अक्षर. ते पान थोड्या थोड्या वेळाने आपोआप बदलायचं. सुरुवातीला सगळ्या रेघाच होत्या. निकाल लागला आणि रेघा भराभर गेल्या. मालक खुर्चीमागे उभा राहून बोलला की बघा, आता घेतंय. मग डब्याचा आवाज बदलला. एरवी तो पंख्यासारखा एकसारखा आवाज करायचा. आता आतून करकर यायला लागली, सुपारी कातरल्यासारखी, आणि पुढचा लाल दिवा लुकलुकायचा थांबून पेटलेलाच राहिला. मुलीने मला मागाहून सांगितलं की मेमरी संपली की मशीन आतलं सामान डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागलं की परत आणतं, आणि मग त्या नेण्याआणण्यातच त्याचा सगळा वेळ जातो. तिने की-बोर्डवरचं बटण दाबलं तर पडद्यावर काहीच हललं नाही. फोन वाजायला लागले. पहिला वर्तमानपत्राचा होता. मालकाने तो घेतला आणि नुसतं हो जी, हो जी म्हणत राहिला.

शेवटी मुलीने बटण दाबून डबा बंद केला आणि पुन्हा चालू केला. तो उठला आणि पुन्हा तसाच पडला. दुपार अशीच गेली. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर तो आपोआप नीट चालायला लागला, पण तोवर पोरांनी दुसरीकडे निकाल पाहून घेतले होते.

वर्तमानपत्राने कळवलं की दहावीचा निकाल पुढच्या आठवड्यात आहे. तो नीट गेला तर पैसे देऊ, नाही तर एवढ्यावर संपलं. मालकाने हे आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं. ताईंचे पैसे मी काही करून देईन, असंही म्हणाला, पण कसे ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. घरी आम्ही ह्यांना एवढंच सांगितलं की मशीन पुन्हा पडलं. त्यांनी टोमणा मारला नाही. मला ते जास्त कठीण गेलं.

दुसऱ्या दिवशी मी झाडायला गेले तर मुलगी आधीच तिथे होती आणि कालच्याच पानाकडे बघत बसली होती. डबा पडला तरी तिच्या कॉम्प्युटरवर ते अक्षरांचं पान शेवटी जसं होतं तसंच राहिलं होतं, तिने ते बंद केलं नव्हतं. मी तिच्या पायाखालून झाडू फिरवला तेव्हा तिने मला म्हटलं, आई, जरा बघ. मी पाहिलं. ओळीमागून ओळी एकच इंग्रजी अक्षर होतं. मध्येमध्ये दुसरं एखादं. मी विचारलं हे काय आहे. तिने सांगितलं की हे दुसरं जे कुठेकुठे दिसतंय ते खरं काम करणारे. आणि हे बाकी सगळे आपापलं काम उरकून नुसते उभे आहेत.

कशासाठी उभे आहेत ते तिला ठाऊक होतं, कारण तो आकडा तिनेच मालकाच्या सांगण्यावरून घातला होता. गिऱ्हाइकाला पान दिल्यावर कामवाला लगेच मोकळा होत नाही. तो थोडा वेळ त्याच गिऱ्हाइकासाठी थांबतो, आणखी काही मागेल म्हणून. किती थांबायचं तेही त्याच फाइलीत लिहायचं असतं. आधी ते पंधरा सेकंद होतं. मालकाने ते साठ करायला लावलं होतं. मी त्या दिवशी चहा देत होते, म्हणून त्याचं बोलणं मी ऐकलं आहे. तो म्हणाला होता, "दुकान में आदमी ने पाव भर सेव ली, तो क्या मुँह फेर लेते हैं? खड़े रहते हैं. पूछते हैं, और भिया? तब वो बोलता है, हाँ, मिक्चर भी दे दो." आणि त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. एकदा स्वतःचा नंबर पाहिला की पोरं मित्राचा, भावाचा, शेजाऱ्याचा नंबर पाहतातच. त्यांना पुन्हा दारात उभं करायचं नाही, हा त्याचा विचार होता.

पण बहुतेक पोरं स्वतःचे मार्क पाहून निघून जात होती आणि त्यांच्यामागे आमचा एकेक कामवाला पूर्ण मिनिटभर हात जोडून उभा राहत होता. उभा असतानाही तो मेमरी धरून ठेवायचा. आणि मुलीने त्यांच्या मेमरीचा हिशेब केला होता तो ते रिकामे असताना. निकाल शोधून दिल्यावर प्रत्येकजण फुगून मोठा झालेला असायचा. तेवढे अडीचशे त्या डब्यात मावणं शक्यच नव्हतं.

मालक आल्यावर तिने त्याला सांगितलं की थांबण्याचे साठ सेकंद दोनवर आणायचे आणि अडीचशेचे एकशे वीस करायचे. त्याने आधी कप खाली ठेवला.

"दीडशेत पडलं म्हणून अडीचशे केले," तो म्हणाला. "उधारीवर मेमरी आणली. आता तू म्हणतेस एकशे वीस. हे म्हणजे दुकान मोठं केलं आणि माणसं काढून टाकली."

ती म्हणाली, "एकशे वीसच मावतात. जुन्या मेमरीत साठच मावत होते."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे लायनीत. दोन-चार सेकंद. पान उशिरा उघडेल, पण उघडेल."

लाइन हा शब्द त्याला आवडला नाही. त्याच्या वडिलांच्या दुकानात लाइन नसते, सगळे एकदम हात पुढे करतात आणि सगळ्यांना मिळतं, असं त्याने सांगितलं. आणि दोन सेकंदांत गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवायची हे तर त्याला बेअदबीचंच वाटत होतं. बराच वेळ तो तेच वेगवेगळ्या शब्दांत बोलत राहिला. मुलीने पडद्यावरचं पान त्याच्याकडे वळवून ठेवलं आणि दुसरं काम करायला लागली. तो त्या अक्षरांकडे बघत राहिला. मी कप उचलायला गेले तेव्हा तो माझ्याशी बोलल्यासारखा म्हणाला, "वैसे काकीजी, दिवाली पे तो बाबूजी भी नहीं पूछते. पुड़िया थमाई, अगला."

मी मान हलवली. दुपारी त्याने होकार दिला, पण एका अटीवर. आधी गर्दी करून दाखवायची.

गर्दी आणायची कुठून हा प्रश्न होता. मुलीने राऊच्या एका कॉलेजात शिकणाऱ्या मैत्रिणींना फोन केला, त्यांच्या कॉलेजात कॉम्प्युटरची मोठी खोली होती. तुकोगंजमधल्या आणि कृष्णपुऱ्याकडच्या सायबर कॅफेवाल्यांशी मालक स्वतः बोलून आला, आणि सगळ्यांना सेवची पुडी देऊन आला. दुपारी चार वाजता सगळ्यांनी एकदम आमची वेबसाइट उघडायची आणि तसंच उघडत राहायचं, असं ठरलं. आमच्या खालच्या कॅफेत एक कॉम्प्युटर रिकामा राहत होता. मुलगी म्हणाली, आई, तू जा.

मला तसं काही येत नव्हतं. तिने मला सोबत नेऊन बसवलं, वरच्या ओळीतलं एक बटण दाखवलं आणि सांगितलं की पान आलं की हे दाब, परत आलं की परत दाब, एवढंच. मग ती वर निघून गेली. खोलीत सगळी कॉलेजची पोरंपोरी होती. मी पदर नीट करून बटणाकडे बघत बसले. चार वाजले तसं मी दाबलं. पान आलं. पुन्हा दाबलं. थोड्या वेळाने पान यायला उशीर व्हायला लागला, पडदा पांढरा राहायचा आणि मग यायचं. मी दर वेळी आल्याची खात्री करूनच दाबत होते, त्यामुळे माझी गर्दी फार झाली नसेल. शेजारच्या मुलीने मला पाहून विचारलं, आंटी, किसका रिझल्ट है? मी म्हटलं, बेटी का. ती म्हणाली, टेंशन मत लो, निकल जाएगी.

वर गेले तर मुलगी आणि मालक दोघं डब्याजवळ जमिनीवर बसले होते. डबा पंख्यासारखाच आवाज करत होता. पडद्यावर एकशे वीस अक्षरं होती आणि ती सारखी बदलत होती, नुसती उभी फार थोडी दिसत होती. मालकाने विचारलं, "काकीजी, आपका पन्ना खुला?" मी म्हटलं, उघडलं, पण उशिरा. तो म्हणाला, "देर से खुला. पर खुला."

मुलीला तेवढ्याने समाधान नव्हतं. खरी गर्दी याच्या कितीतरी पट असते, असं ती म्हणाली. पुढचे दिवस तिने पानातली चित्रं काढून टाकण्यात घालवले, वर्तमानपत्राची मोठी जाहिरात तेवढी ठेवली, कारण ती काढू देणार नव्हते. ती काय करत होती ते सगळं मला कळत नव्हतं आणि मी विचारतही नव्हते. मी तिचा जेवणाचा डबा उघडून समोर ठेवायची आणि ती न बघता खायची.

दहावीच्या निकालाच्या दिवशी मालक सकाळी देवाला नारळ फोडून आला. आमचं घर देवाचं नाही, पण प्रसाद घेतला. निकाल लागला. पडद्यावरच्या रेघा गेल्या, सगळी अक्षरं भरली, आणि डब्याच्या रोजनिशीत पुन्हा तीच इंग्रजी ओळ आली, मर्यादा गाठली आहे, वाढवण्याचा विचार करा. मालक ती वाचून पुढे झुकला आणि त्याचा हात की-बोर्डकडे गेला. मुलगी म्हणाली, "भैया, हात नका लावू." एवढंच म्हणाली. तो मागे सरकला आणि दोन्ही हात काखेत धरून बसला. मी लाल दिव्याकडे बघत होते. तो लुकलुकत होता. करकर आली नाही.

फोन वाजले, पण कमी. एकाने तक्रार केली की फार वेळ लागतो. मालकाने त्याला सांगितलं, भिया, लाइन में हो, नंबर आएगा. संध्याकाळपर्यंत डबा एकदाही पडला नाही. वर्तमानपत्राच्या ऑफिसातून एक माणूस येऊन पाहून गेला, त्याला दोनदा चहा झाला. मुलगी घरी जाताना सवारीच्या टेम्पोत झोपली.

घरी आमच्या ह्यांनी विचारलं, किती बदली घेतले शेवटी? तिने सांगितलं, बाबा, कमी केले. ते म्हणाले, मग काम जास्त झालं असेल एकेकाला. ती म्हणाली, हो. दुसऱ्या दिवशी त्यांना ओट्यावर शेजाऱ्याला सांगताना मी ऐकलं की पोरीचं मशीन चाललं.

वर्तमानपत्राने पैसे द्यायला पावसाळाभर वेळ लावला. मालक दर आठवड्याला तिथे जाऊन बसायचा. त्या दिवसांत आमचे हे रोज संध्याकाळी, आले का, एवढंच विचारायचे आणि नाही म्हटलं की पुढे काही विचारत नसत. श्राद्धाचे दिवस चालू असताना चेक आला. मालकाने तो वटल्याच्या दिवशी मुलीला बोलावून सहा हजार हातात दिले आणि म्हणाला बाकीचे तीन थांबून देतो, भाडं पण थकलं आहे. ती रिकाम्या हातांनी आली नाही हे ह्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी नोटा हातात घेतल्या, उलट्यासुलट्या करून पाहिल्या आणि मला परत दिल्या.

ते सहा हजार घेऊन ताई इंदूरला आल्या आणि डोळा करून गेल्या. कमी पडलेले त्यांनी पेन्शनमधून घातले. आमच्याकडे आठ दिवस राहिल्या, हिरवी पट्टी बांधून, आणि सगळ्यांना सांगत होत्या की आता तुमची घरं किती अस्वच्छ आहेत ते मला दिसेल. उरलेले तीन हजार मालकाने दिवाळीला एकदम दिले नाहीत. हजार दिले, मग संक्रांतीच्या सुमारास हजार, आणि शेवटचे उन्हाळ्याच्या तोंडावर, पुढच्या निकालाचं काम आल्यावर. दर वेळी तो पाकिटाबरोबर सेवची पुडी द्यायचा. आम्ही त्याला एकदाही आठवण केली नव्हती. मुलगी म्हणायची तो देईल, आणि मला तसं वाटायला लागलं होतं.

शेवटचा हजार द्यायला मी एकटीच महूच्या बसने गेले, मुलीला सुट्टी नव्हती. ताई ओसरीत तांदूळ निवडत होत्या. जय भीम झालं. मी रुमाल सोडून नोटा त्यांच्यापुढे ठेवल्या आणि म्हटलं, ताई, हे धरून नऊ झाले. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, नोटा मोजल्या, पदराच्या गाठीत बांधल्या आणि पुन्हा तांदूळ पुढे ओढले.

"फिटले," त्या म्हणाल्या. "बसा आता, भात टाकते."